एक आरा जाड

लातूरच्या मशीनवाल्यानं मला फसवलं. मी केलेलं चक्र त्यानं घेतलं आणि स्वतःचं म्हणून चाकूरपासून लातूरपर्यंत लावलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सांगताना मला हसू येणार आहे, आणि हसत सांगितलेल्या तक्रारीला लोक तक्रार मानत नाहीत.

मी नांदेडची. वीस वर्षं थर्माकोल कापलं. लग्नाच्या मंडपात नवरा-नवरीच्या खुर्चीमागं जी मोठाली अक्षरं असतात, ती माझ्या हातची. मेणबत्तीवर तार तापवायची आणि श्वास रोखून अक्षर फिरवायचं. शिकवायला कुणी नव्हतं. पहिली दोन वर्षं तर माझा 'क्ष' बघून लोक 'हे काय काढलंय' म्हणून विचारायचे. पुढं हात बसला. पण अक्षरांच्या खाली पाटी लागायची ती मंडपवाल्याची, त्याच्या फोन नंबरासकट. मी पंगतीला बसून ऐकायची, "मंडपवाल्याची अक्षरं लई सुबक हायत बरं का." ताटातली बुंदी कडू व्हायची. एकदा तरी, एका तरी वस्तूकडं बोट दाखवून कुणी म्हणावं, हे हिनं केलं, एवढीच माझी इच्छा. पैसा मी भांडून मिळवते, तो प्रश्न नाही.

तर मग कागद कापायचं मशीन घ्यायचं ठरलं. पेटीएवढं असतं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, चिकट मॅटवर कार्डशीट डकवायचं, मॅट मशीनच्या तोंडात द्यायची, आणि आतलं बारीक ब्लेड रेघेरेघेनं कापत जातं. लातुरात एक जण ही मशीनं विकायचा आणि दुकानाच्या माडीवर त्याचे वर्गही घ्यायचा. मी एसटीनं गेले.

"भाऊ, हा भाव न्हाई जमायचा. नांदेडाहून आलेय, एवढ्या उन्हाची."

"ताई, ऊन लातुरात बी हाय की."

इथंच मी ओळखलं, गडी तयारीचा आहे. मी तीनदा दुकानातून उठून गेले. पहिल्यांदा पायरीपर्यंत, दुसऱ्यांदा रस्त्यापर्यंत, तिसऱ्यांदा रिक्षात एक पाय ठेवला. तिन्ही वेळा त्यानं हाक मारली. पण तिसऱ्यानंतर तो तसूभर खाली येईना. मग मी भाव सोडला आणि अट धरली.

"मशीन चालंल तवर शिकवायचं. फोनवर. कवाबी फोन केला तरी."

"हाव, शिकवीन की."

"असं न्हाई. ह्या चहावाल्या दादांसमोर म्हणा."

चहावाला हातात किटली घेऊन उभाच होता. त्याच्यासमोर मशीनवाला म्हणाला, "मशीन चालंल तवर ताईंना शिकवीन." चहावाला म्हणाला, "म्या ऐकलं." मी मशीन उचललं. परतीच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले होते आणि वाटत होतं, लातूर लुटून आणलं.

घरी आल्यावर पहिलंच काम काढलं, 'सुस्वागतम्'. पडद्यावर अक्षरं शेजारी शेजारी आणली, एकाची शिरोरेघ दुसऱ्याच्या शिरोरेघेत घुसवली. दिसायला अखंड, देखणं. मशीन सुरू केलं. कागद उचलायला गेले तर हातात पोहे. अक्षरशः पोह्यांसारखे तुकडे. मशीनला आपल्यासारखं दिसत नाही, त्याला फक्त रेघ दिसते. एक अक्षर दुसऱ्याच्या खाली लपलं तरी त्याची रेघ आत असतेच, आणि ब्लेड तिच्यावरूनही इमानदारीनं फिरतं. जिथं जिथं जोड, तिथं तिथं काप.

मी फोन लावला. स्पीकरवर, कारण हातात तुकडे होते.

"भाऊ, तुमचं मशीन खराब हाय."

"ताई, अक्षरं जोडली का?"

"जोडली म्हंजी? शेजारी शेजारी तर ठेवलीत."

"शेजारी ठेवलं म्हंजी जोडलं का? शेजारी तर तुमची नणंद बी बसत आसंल."

माझी नणंद खरंच शेजारी बसली होती, लसूण सोलत. अंगणवाडीत शिकवते. आमच्याच घरी राहते, आणि तिची जीभ आमच्या मशीनच्या ब्लेडहून बारीक कापते. ती म्हणाली, "माणूस हुशार दिसतोय, वैनी. तिथून न बघता वळखलं त्यानं आपल्याला."

त्या फोनवर मला जोडणी कळली. दोन आकार निवडायचे आणि एक बटण दाबायचं, वेल्ड. गेटाला करतात तसंच. बटण दाबलं की आतल्या रेघा पुसल्या जातात आणि बाहेरची एकच कड उरते. दुसरं बटण वजाबाकीचं, वरच्या आकाराएवढा तुकडा खालच्यातून काढून टाकतं. तिसऱ्या बटणानं दोघांचा सामाईक भाग तेवढा राहतो, बाकीचं जातं. मशीनवाल्यानं तीनदा सांगितलं तरी माझ्या डोक्यात शिरेना. मग आक्कानंच, म्हणजे नणंदेनं, कणकेच्या दोन पुऱ्या लाटल्या, एकीवर एक अर्धी ठेवली आणि वरून लाटणं फिरवलं. "ही जोडली." दुसऱ्या दोन पुऱ्यांवर वाटी दाबून घास काढला. "ही वजा." आणि तिसऱ्या जोडीचा मधला दुहेरी भाग सुरीनं कापून वर धरला.

तो भाग पानासारखा होता. दोन गोल, आणि त्यांच्या मधोमध पान! दोन्ही टोकांना निमुळतं, मधे फुगीर. मी ओरडलेच. आक्का म्हणाली, "वरडू नको, तेल तापलंय."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी वेडी झाले होते. गोलातून गोल वजा केला की चंद्रकोर. पाच गोल जोडले की ढग. दोन ढग एकत्र करून खाली दांडा जोडला की फुलकोबी, ती कुणालाच नको होती, तरी मी चार कापल्या. भाकरीचा घास तोडला की मनात म्हणायची, वजा. धुतलेली ताटं एकमेकांवर कलली की सामाईक भाग शोधायची. आमचे हे विष्णुपुरीच्या कॉलेजातून कामावरून आले, वाकून बूट काढत होते, तर त्यांच्या टकलाकडं बघून मी म्हणाले, "वजा." त्यांना काही कळलं नाही. आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि दिवसातून पाच-सहा वेळा मी लातूरला फोन लावायची. मशीनवाला म्हणायचा, "ताई, त्या दिवशी चहावाला नसता तर बरं झालं असतं."

मग जयंतीचे दिवस आले. आमच्या वस्तीत जयंती म्हणजे काय ते सांगायला नको. समितीचे अध्यक्ष घरी आले. वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. पण खांबावर अजूनही स्वतःच चढतात, दुसऱ्यावर विश्वास नाही.

"बाई, औंदा बाजारची चक्रं न्हाई आणायची. त्येच्या कडा फाटक्या असत्यात. तुमी करा. दर खांबाला एक. निळ्यावर पांढरं."

"समितीचं म्हणून, का माझं म्हणून?"

ते समजले. हुशार माणूस. म्हणाले, "स्टेजवरून सांगू की बाईंनी केलंय म्हणून."

स्टेजवरून! मी भाव न करता हो म्हणाले. आक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मला ताप आहे.

मी चक्र नेटवरून उतरवून घेतलं नाही. स्वतः काढलं. दोन लांबट गोल एकमेकांवर ठेवून सामाईक भाग घेतला, तो झाला आरा, दोन्हीकडं निमुळता. मोठ्या गोलातून छोटा गोल वजा केला, ती झाली धाव, चाकाची बाहेरची कडी. मधे तुंबा, सगळे आरे रुततात तो. आणि बाहेरून, हे माझं स्वतःचं, हे कुठल्याच चक्राला नव्हतं, दर आऱ्याच्या समोर धावेवर एक पिंपळपान. पुरीतून सापडलेलं तेच पान, खाली फुगवून, टोकाला लांब शेपटी जोडून. आरा आणि पान एक जोडी धरायची, तिची नक्कल करायची, पंधरा अंशांनी फिरवायची. परत नक्कल, परत पंधरा अंश. चोवीस आरे, चोवीस पानं. शेवटी सगळं निवडून एकदम जोडायचं, म्हणजे उचललं तरी अख्खं चक्र एका तुकड्यात येईल.

मी मोठ्यानं मोजत फिरवत होते. एक. दोन. तीन. आक्का पलीकडं पोरांसाठी तक्ते रंगवत बसली होती. एकवीस. बावीस.

"वैनी, किती फिरवून राहिलीस? चक्रापेक्षा तुझंच डोकं फिरंल."

"मधे बोलू नका, आक्का, मोजून राहिले."

"मोजायला काय, आमच्या अंगणवाडीतली लेकरं बी चोवीसपर्यंत मोजत्यात."

माझं डोकं तापलं. तापलं की मला हातचं काम संपवल्याशिवाय भांडता येत नाही. मी तेवीस म्हणून एक फिरवलं, चोवीस म्हणून शेवटचं अंशांचा आकडा न टाकताच हातानं ओढून बसवलं, सगळं निवडलं, जोडलं, फाइल ठेवली, बंद केली, आणि मग वळून आक्काशी भांडले. छान भांडण झालं. दोघींनाही बरं वाटलं.

भांडून परत आले, फाइल उघडली. इतकं देखणं चक्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. कापायच्या आधी एकदा जाणत्या नजरेखालून जावं म्हणून मशीनवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. 'सर, बघा बरं, सगळं जुळलं का?' चांगलं काम झालं की मी त्याला सर म्हणायची. त्याचा उलट निरोप आला, फक्त अंगठा. मी तो अंगठा आक्काला दाखवला, यांना दाखवला. आज विचार करते की शब्द लिहायचा त्यानं का टाळला.

शंभरावर चक्रं कापली. मॅटवरून चक्र सोडवलं की ते जाळीसारखं अलगद वर यायचं. मी चक्र डोळ्यांसमोर धरून त्यातून घर बघायची, आक्का बघायची, गॅस बघायची, सगळं चोवीस फाकांत. अध्यक्ष शिडी घेऊन स्वतः चढले. खांबाखांबावर निळ्या पुठ्ठ्यावर पांढरं चक्र आणि भोवती पिंपळाची पानं. दुसऱ्या वस्तीची माणसं बघायला येऊ लागली. मी उगाचच दळण घेऊन त्या रस्त्यानं तीन चकरा मारल्या, गिरणी उलट्या दिशेला असताना.

मॅटचा चिकटपणा संपला होता आणि ब्लेडही बोथट झालं होतं. जयंतीला आठवडा होता. दोन्ही आणायला मी सकाळच्या बसनं लातूरला निघाले. चाकूरच्या स्टँडवर बस थांबली, खिडकीतून बाहेर बघते तर समोरच्या कमानीवर माझं चक्र.

मी आधी खूश झाले! खरं सांगते. वाटलं, नांदेडाहून कुणीतरी पाव्हण्यानं नेलं असेल. बस सुटायच्या आत उतरून कमानीखाली जाऊन आले. माझंच. तीच पानं, तीच शेपटी. पानवाल्याला विचारलं, "हे कुठून आणलं, दादा?"

"लातूरहून. मशीनवाल्या सरांची डिझाइन हाय. लई डोकेबाज माणूस."

कंडक्टरनं शिट्टी मारली. मी बसमध्ये चढले ते माझ्या जागेवर न बसता उभीच राहिले. लातूर येईपर्यंत उभी. बसायला अंगात जागाच नव्हती.

लातुरात शिरल्यावर तर विचारू नका. इथं चक्र, तिथं चक्र. दुकानाच्या काचेवर चक्र, आणि त्याखाली 'आमची स्वतःची डिझाइन'. मी तशीच माडीवर गेले. वर्ग भरला होता. दहा-बारा बाया आणि दोन-तीन बाप्ये कॉम्प्युटरपुढं बसलेले, भिंतीवर ताटाएवढं मोठं माझं चक्र, आणि मशीनवाला हातात पट्टी घेऊन सांगत होता, "ही पानं मी अशी केली..."

"कशी केली?" मी दारातून म्हणाले. "पुरीनं का वाटीनं?"

तो वळला. चेहरा बघण्यासारखा झाला, पण क्षणभरच. गडी तयारीचा. "या या ताई! ह्या नांदेडच्या ताई. आपल्या विद्यार्थिनी."

"चक्र कुणाचं हाय ते सांगा ह्या सगळ्यांना."

"ताई, चक्र कुणा एकाचं असतं का? चक्र तर सगळ्यांचं."

"चक्र सगळ्यांचं. ही पानं माझी. शेपट्या माझ्या. तुम्हाला बघायला पाठवलं होतं."

"गोलाला गोल जोडला की असंच होतं, ताई. तुमी जोडा का मी जोडू." त्यानं वर्गाकडं बघून हसून घेतलं. "आता पुरी गोल असती म्हणून ती तुमची झाली का?"

वर्ग हसला. मी फोन काढला.  त्यातला निरोप दाखवला तर तो म्हणाला, मी तर आधीच काढलं होतं, ताईंनी माझं बघून केलं. त्याच्या तोंडाला कुलूप कुठून लावू?

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक बाई, चष्म्याची, बारकाईनं बघणारी, तिनं हात वर केला. "सर, ह्यो एक आरा जाड का हो?"

मी भिंतीकडं बघितलं. ताटाएवढ्या चक्रात आता ते दिसलं. वरचा, अगदी बारावर काटा असतो तिथला आरा, शेजारच्यांपेक्षा दीडपट जाड. आणि त्याच्या समोरच्या पानाला दोन शेपट्या, एकीला एक चिकटलेल्या.

मशीनवाला म्हणाला, "ती... ती ष्टाइल हाय. मुद्दाम."

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. चोवीस वेळा फिरवलं! पण फिरवायच्या आधी एक आरा तिथं होताच की. तेवीसदाच फिरवायचं होतं. चोविसाव्या नकलेनं गोल फिरून पहिल्या आऱ्यावरच येऊन बसायचं होतं. पंधराचा आकडा नीट टाकला असता तर ती त्याच्याखाली बिनबोभाट लपली असती, कुणाला कळलंही नसतं. पण मी भांडायच्या घाईत हातानं ओढली, ती केसभर बाजूला पडली, आणि वर मीच जोडून टाकली. जोडलं की आतली रेघ पुसली जाते. दोन आऱ्यांचा एक जाड आरा झाला, कायमचा.

ती माझी चूक होती. माझ्याच रागाची, माझ्याच घरातली. जगात दुसऱ्या कुणाकडून ती तशी, तिथंच, तेवढीच होऊ शकत नव्हती. आक्का त्या वेळी बोलली नसती तर तो आरा जाड झाला नसता. ते माझं नाव होतं! मंडपवाल्याच्या पाटीनं झाकता न येणारं! मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि हात तिथंच थांबले. हे तोंडानं सांगायचं म्हणजे नांदेडात खांबाखांबावर जाड आऱ्याचं चक्र लटकतंय हेही सांगायचं. स्टेजवरून माझं नाव घ्यायचं ते चुकीच्या चक्रासाठी. पंचवीस मोजणारी बाई म्हणून. गप्प बसले तर नांदेडात कुणाला दिसलेलं नाही, आणि लातूरचं चक्र लातूरच्या माथी.

मशीनवाल्यानं माझं थांबणं बघितलं. त्यानं कपाटातून दोन ब्लेडं काढली, टेबलावर ठेवली, हळू आवाजात म्हणाला, "ताई, न्या. भेट."

माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "दोनावर न्हाई भागत."

त्यानं एक मॅट ठेवली.

"चार ब्लेडं. दोन मॅट."

ठेवली त्यानं. मी हात पुढं केला, आणि तेव्हा मला कळलं की मी काय विकून राहिले. वीस वर्षांची सवय! कुणी काही पुढं केलं की मी वर मागते, आधी मागते, मग बघते. माझं चक्र चार ब्लेडांना चाललं होतं, आणि भावही मीच वाढवला होता.

मी सगळं मागं ढकललं आणि वर्गाकडं वळले. "बायांनो, तो आरा जाड हाय कारण मी चुकले. मी एक नक्कल जास्त केली. नणंदेशी भांडायची घाई होती." मग त्यांच्या कॉम्प्युटरवर करून दाखवलं. तेवीसपर्यंत आकड्यानं, चोविसावी हातानं, केसभर बाजूला, जोडा. पडद्यावर जाड आरा आला, दोन शेपट्यांचं पान आलं. चष्म्याची बाई म्हणाली, "अगं बाई, हुबेहूब!" आणि मशीनवाल्याकडं वळून, "सर, तुमी बी नणंदेशीच भांडले होते का?"

माडी हादरली हसण्यानं. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मशीनवाला मात्र हसला नाही. म्हणाला, "म्हंजी ताई, तुमच्यामुळं मी गावभर चुकीचा माल दिला. ह्येची भरपाई कोण देणार?"

आहे का उत्तर? मी एक ब्लेड आणि एक मॅट घेतली आणि त्यानं सांगितला तो भाव दिला. पुरा. घासाघीस न करता. आयुष्यात पहिल्यांदा. ती जखम वेगळीच.

निघताना म्हणाले, "भाऊ, वर्गाच्या ग्रुपवर लिहा चक्र कुणाचं ते." तो म्हणाला, "हाव, लिहितो की." त्या वेळी चहावाला नव्हता.

नांदेडला उतरले ती थेट अध्यक्षांकडं गेले. ते अंगणात शिडीला दोर बांधत होते. सगळं सांगितलं, जाड आऱ्यासकट. ते ऐकून घेत होते आणि गाठ आवळत होते.

"ते मला पहिल्याच खांबावर दिसलं होतं," ते म्हणाले. "तार कुठं जाड, कुठं बारीक, आख्खा जन्म त्यातच गेला माझा."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुमी खाली उभ्या होत्या. मान वर करून. असं लेकरासारखं बघून राहिल्या होत्या. म्हटलं, वरून काय सांगायचं."

मी तिथंच अंगणात बसले. मग म्हणाले, "नवीन करून देते. सगळी."

वाटलं होतं, जाड आरा वजाच्या बटणानं खरडून बारीक करता येईल. केला प्रयत्न. कडेला दात पडले, उंदरानं कुरतडल्यासारखे. जोडलेलं सोडवता येत नाही, हे मशीनवाल्यानं मला कधी सांगितलंच नव्हतं. मग पहिल्यापासून काढलं. दोन लांबट गोल, सामाईक भाग. नक्कल. ह्या वेळी मोजायला आक्का बसली, हातात अंगणवाडीची छडी घेऊन. तेविसावर तिनं छडी टेबलावर आपटली. "बास! हात काढ." मी हात काढला. जोडलं. चोवीस आरे, सगळे सारखे, इतके सारखे की मला जरा कंटाळवाणे वाटले.

दोन दिवस आम्ही दोघी कापत होतो. अध्यक्ष जुनी उतरवायचे, नवी लावायचे. उतरवलेली फेकायला मी पोतं काढलं, तर वस्तीतल्या बाया येऊन एकेक घेऊन गेल्या. आक्कानं एक अंगणवाडीच्या दारावर लावलं. आल्यागेल्याला दाखवते, "तो जाड आरा दिसतो का? तो माझ्यामुळं झाला." म्हणजे आता हिलाही वाटा पाहिजे.

स्टेजवरून अध्यक्षांनी सांगितलं. "ही चक्रं आपल्या बाईंनी केली. दोनदा केली." दोनदा का, ते त्यांनी सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत होतंच. टाळ्या पडल्या. मी आक्काचा हात इतका दाबला की तिची बांगडी फुटली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. लातूरहून.

"ताई, ती दुरुस्त केलेली फाइल पाठवता का? इकडं लोक इचारून राहिलेत, एक आरा जाड का म्हणून."

मी स्पीकर लावला. आक्का पोळी लाटता लाटता थांबली.

"ग्रुपवर लिहिलं का, भाऊ?"

"लिहितो की, ताई. फाइल येऊ द्या, मग लिहितो."

"आधी लिहा."

"ताई, तुमी तर भाव करून राहिल्या."

आक्कानं लाटणं उचललं आणि फोनच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "अवो शिकवणारे सर, हिला शिकवायचं कबूल केलं होतं, हिच्याकडून शिकायचं न्हाई." फोन बंद झाला. तेव्हापासून तो उचलत नाही. मशीन चालूच आहे माझं, अट मोडली त्यानं. दुकानाच्या काचेवर ती ओळ अजून तशीच आहे, चष्म्याच्या बाईनं मला फोटो पाठवला. चक्र तेच, आरा जाडच, खाली 'आमची स्वतःची डिझाइन'.

मी जाड आऱ्याचं उत्तर दिलं. लातुरात दहा-बारा बायांसमोर दिलं, नांदेडात अख्ख्या वस्तीसमोर दिलं, आणि वर शंभर चक्रं परत कापली. आता पानांचं उत्तर त्यानं द्यावं. भेट नको, ब्लेड नको, मॅट नको. त्यानं बसमध्ये बसावं, चाकूरच्या कमानीखाली उतरून त्या पानवाल्याला सांगावं, मग नांदेडला येऊन अध्यक्षांच्या शिडीखाली उभं राहावं आणि मोठ्यानं म्हणावं हे चक्र कुणी केलं. ऐकायला चहावाला मी माझ्या खर्चानं घेऊन येते.

बोला भाऊ, कधी येताय?